शिकागोचे रस्ते, जपानी पेन्सिल: जुन्या अमेरिकन पोलिसी मालिकांच्या वळणाचे ॲनिमे

गिअरबॉक्स (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, म्हटलं की आपल्याकडे अजूनही निन्जा पोरं, राक्षसांवर चालणाऱ्या तलवारी, नाहीतर दुपारी टीव्हीवर लागणारं ते निळं मांजर एवढंच डोळ्यांपुढे येतं. मला ज्या ॲनिमेनं वेड लावलं त्यात यातलं काहीच नव्हतं. त्यात शिकागो होतं, बंदुकांचं दुकान चालवणारी एकोणीस वर्षांची मुलगी होती आणि तिची पांढऱ्या पट्ट्यांची निळी शेल्बी मस्टँग होती.

नाव 'गनस्मिथ कॅट्स'. केनिची सोनोदाची ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९९१ ते १९९७ या काळात जपानच्या 'आफ्टरनून' मासिकात चालली. मधेच १९९५-९६ मध्ये तिच्यावरून तीन भाग थेट व्हिडिओ कॅसेटवर आले, दिग्दर्शक ताकेशी मोरी. एकेक भाग जेमतेम अर्ध्या तासाचा. टीव्हीच्या दर आठवड्याच्या घाईतून ते सुटले होते आणि ते चित्राचित्रात दिसतं.

मी पहिल्यांदा पाहिलं ते सांगलीला इंजिनिअरिंगला असताना. होस्टेलच्या लॅनवर कुणीतरी ते फोल्डर टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी थिअरी ऑफ मशीन्सचा पेपर होता आणि आम्ही चौघं एका मॉनिटरपुढे बसून ती बंदुकांच्या दुकानवाली मुलगी, रॅली व्हिन्सेंट, गिअर कसा टाकते हे मागे-पुढे करून बघत होतो. तेव्हा कळलं होतं ते इतकंच, की ही गाडी ज्यानं काढलीय त्याला गाडी कळते.

बाकीचं कळायला वीस वर्षं गेली. गेले दोन-तीन महिने मी जुन्या अमेरिकन गुन्हेगारी मालिका बघतोय. १९५८ ची 'पीटर गन', ली मार्विनची 'एम स्क्वाड', 'मिशन इम्पॉसिबल', 'स्टार्स्की अँड हच'. बघता बघता सारखं वाटायला लागलं की हे आपण आधी पाहिलंय. गोष्टी ओळखीच्या नव्हत्या. पण सुरुवातीच्या दीड मिनिटात जे काही होतं, गाडी वळणावर जशी घसरते, साहेब टेबलावर हात आपटून जसा ओरडतो, दोन जोडीदार एकमेकांवर चिडून पुन्हा एकाच गाडीत जसे बसतात, ते सगळं ओळखीचं होतं. माझं म्हणणं असं आहे की या जपानी मंडळींनी अमेरिकन मालिकांची गोष्ट उचललीच नाही, चाल उचलली. चाल दोन्ही अर्थांनी. गाण्याची चाल असते ती, आणि माणसाची चालण्याची ढब असते ती.

गाण्याचंच बघा. 'पीटर गन'ला हेन्री मॅन्सिनीनं जाझ दिलं. तोवर टीव्हीवरच्या पोलिसी मालिकेचं संगीत म्हणजे 'ड्रॅगनेट'सारखे छातीवर येणारे चार ठोसे. मॅन्सिनीनं खालच्या पट्टीत एक तुकडा धरला आणि तो सोडलाच नाही. ती रेकॉर्ड इतकी चालली की ग्रॅमी पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले तेव्हा सर्वोत्कृष्ट अल्बमचा मान तिलाच मिळाला. मग सगळ्यांनाच जाझ हवं झालं. 'एम स्क्वाड'चं शीर्षकसंगीत जाझवाल्या काउंट बेसीचं आहे.

ही 'एम स्क्वाड' शिकागोच्या पोलिसांची. तिच्या एका भागात शिकागोचा पोलीस लाच घेताना दाखवला म्हणून महापौर रिचर्ड डेली भडकले आणि पुढे त्यांच्या कारकिर्दीत शहरात चित्रीकरणाला परवानगी मिळणं अवघड होऊन बसलं, असं सांगतात. ते दार उघडलं जेन बर्न महापौर झाल्यावर, आणि त्यातून १९८० चा 'ब्लूज ब्रदर्स' आला. भर शिकागोत पोलिसांच्या गाड्यांचा ढीग. आणि त्यात पार्श्वभूमीला कुठली धून वाजते? 'पीटर गन'ची! सोनोदा या सिनेमाचा भक्त. १९८९ मध्ये त्यानं 'रायडिंग बीन' केला, त्यातही शिकागो, त्यातही पाठलाग. पैसे घेऊन कुणालाही कुठूनही पळवून नेणारा बीन बँडिट आणि त्याची रोडबस्टर गाडी, जिची चारही चाकं आडवी वळतात आणि ती खेकड्यासारखी बाजूला सरकते. त्याच 'रायडिंग बीन'मधलं रॅली हे नाव सोनोदानं पुन्हा घेतलं, बाई नव्यानं घडवली, आणि 'गनस्मिथ कॅट्स' झालं. त्याच्या तीन भागांना संगीत कुणाचं, तर पीटर अर्स्किनचं. हा वेदर रिपोर्ट या जाझ बँडचा ड्रमर, खुद्द अमेरिकन जाझवाला. म्हणजे १९५८ ला निघालेली धून शिकागोला वळसा घालून टोकियोला गेली आणि तिथून पुन्हा अमेरिकन माणसाच्या हातात आली. हे मला लक्षात आलं तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता आणि मी बायकोला उठवून सांगितलं.

दुसरं नाव अर्थात 'काउबॉय बीबॉप', १९९८, शिनिचिरो वातानाबे, संगीत योको कानो. हे अंतराळात घडतं, पण त्याचं शीर्षकगीत एकदा थांबवून बघा. बोंगो, बास आणि अंगावर येणारं ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं. सपाट रंग, काळ्या आकृत्या, चौकटी चिरत जाणारी माणसं, सगळं साठच्या दशकातल्या मालिकांच्या शीर्षकांसारखं. आणि मागे बारीक इंग्रजी अक्षरं सरकत असतात. मी ती फ्रेम थांबवून वाचली. ती १९४१ च्या न्यूयॉर्कबद्दल आहेत. हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाउसमध्ये रात्र रात्र वाजवत बसणाऱ्या आणि नवं काही शोधणाऱ्या वादकांबद्दल. टीव्हीवर दीड मिनिटात कुणी वाचणार नाही हे माहीत असताना ते लिहून ठेवलंय.

माझी यादी अपुरी आहे. तुम्ही काय पाहिलंय ते सांगा.

अनुस्वार

वाचनखूण साठवली. 'बीबॉप' मी इंग्रजी डबिंगमध्ये पाहिलंय, अक्षरांकडे लक्षच गेलं नव्हतं. आज रात्री बघते.

एक गंमत सांगावीशी वाटते. आपली 'सीआयडी' सुरू झाली जानेवारी १९९८ मध्ये आणि 'बीबॉप' एप्रिल १९९८ मध्ये. आमच्या घरी शिवाजी साटमांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द होता. त्याच वर्षी तिकडे हे चाललं होतं.

निशिकासाईकर

गिअरबॉक्स, लेख फार आवडला. पण एक पायरी तुम्ही गाळलीत आणि ती फार मोठी आहे. अमेरिकेतून थेट ॲनिमेत काही आलं नाही. मधे जपानी टीव्ही आहे.

मी बारा वर्षं टोकियोत आहे. माझ्या ऑफिसातल्या साठीच्या पुढच्या लोकांशी 'बीबॉप'चा विषय काढला की ते अमेरिकेचं नाव घेत नाहीत. ते म्हणतात, युसाकु मात्सुदा.

थोडं मागून सांगतो. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर जपानच्या बड्या चित्रपट कंपन्यांनी एकी करून टीव्हीला सिनेमे द्यायचं बंद केलं. टीव्ही त्यांना शत्रू वाटत होता. मग वाहिन्यांनी वेळ भरायचा कसा? अमेरिकन मालिका आणून, जपानी आवाज चढवून. 'रॉहाइड', 'पेरी मेसन', 'अनटचेबल्स', काय वाटेल ते. एक अख्खी पिढी न्यूयॉर्क-शिकागोचे पोलीस जपानीत बोलताना ऐकत वाढली. 'कोलंबो' ही गुप्तहेर मालिका एनएचके या जपानी वाहिनीवर लागायची तेव्हा कोलंबोला आसाओ कोइकेचा आवाज होता. तो बायकोचा विषय निघाला की 'उचि नो कामिसान' म्हणायचा. अगदी आपल्याकडे जुनी माणसं 'आमचं कुटुंब' म्हणायची ना, तसं. इंग्रजीत तो साधं 'माझी बायको' म्हणतो. जपानीत तो गल्लीतला काका झाला.

मग जपान्यांनी स्वतःच्या मालिका काढल्या. 'तायो नि होएरो', म्हणजे 'सूर्याकडे पाहून गर्जना कर', १९७२ ते १९८६, भाग ७१८. त्यात पोलीस ठाण्यातल्या प्रत्येकाला टोपणनाव. साहेब म्हणजे 'बॉस', बाकीचे यामा-सान, गोरी-सान, 'मॅकरोनी', 'जीपॅन'. जीन्स घालतो म्हणून जीपॅन. हा जीपॅन म्हणजे युसाकु मात्सुदा. १९७४ मध्ये त्याला मालिकेत मारलं. गोळी लागते, तो स्वतःच्या हाताला लागलेलं रक्त बघतो आणि 'हे काय आहे!' असं ओरडतो. इथे आजही कुणीही त्याची नक्कल करून दाखवेल.

आता तुमच्या चालीबद्दल. या मालिकेचं संगीत कात्सुओ ओनोचं. आणि 'डिटेक्टिव्ह कोनान' या ॲनिमेचं संगीतही त्याच माणसाचं! ती सॅक्सोफोनवरची धून ऐकून इथल्या आईबापांना आपलं बालपण का आठवतं त्याचं उत्तर हेच.

पुढे १९७९-८० मध्ये मात्सुदानं 'तान्तेई मोनोगातारी' केली. शुन्साकु कुदो नावाचा खाजगी गुप्तहेर. कुरळे केस, काळा सूट, हॅट, सिगारेट पेटवताना लायटरची ज्योत वीतभर वर. लांब पाय, ढिली चाल, खिशात दमडी नाही. वातानाबेनं 'बीबॉप'चा नायक स्पाइक स्पीगल याच्या घडणीत हा माणूस डोळ्यांसमोर होता असं उघड सांगितलंय. स्पाइकचे केस बघा, सूट बघा, वाकून चालणं बघा.

आणि कुदो फिरतो कशावर? व्हेस्पावर. पुण्याच्या माणसाला मी आणखी काय सांगू. आमच्या घरी आकुर्डीची चेतक होती, व्हेस्पाच्याच घराण्यातली. तो पहिल्यांदा स्कूटर तिरकी करून किक मारतो तेव्हा माझ्या घशात काहीतरी आलं. माझे वडील पेट्रोल कमी असलं की चेतक अशीच तिरकी करायचे.

मात्सुदा १९८९ मध्ये चाळिशीतच कर्करोगानं गेला. त्याचा शेवटचा सिनेमा रिडली स्कॉटचा 'ब्लॅक रेन', ओसाकात आलेल्या न्यूयॉर्कच्या पोलिसांची गोष्ट.

गिअरबॉक्स (धागाकर्ता)

निशिकासाईकर, मनापासून आभार. ही पायरी मला माहीतच नव्हती. मग मला माझं म्हणणं थोडं बदलावं लागेल. 'बीबॉप' हा या जपानी मालिकांचा नातू. पण 'गनस्मिथ कॅट्स'च्या बाबतीत मी माझ्या मतावर ठाम आहे. सोनोदाला टोकियो दाखवायचंच नव्हतं. त्याला शिकागो हवं होतं, बाकी काही नको.

तीनताल

मी ॲनिमे फारसा पाहत नाही, तबला वाजवतो. धाग्यात 'पीटर गन' दिसलं म्हणून आत आलो.

धागाकर्त्यांनी 'एक तुकडा धरला आणि तो सोडलाच नाही' असं लिहिलंय ते अगदी नेमकं आहे. त्याला आपल्याकडे शब्द आहे: लेहरा. तबल्याचं एकलवादन चालू असताना हार्मोनियम किंवा सारंगीवर एकच ओळ फिरत राहते, आवर्तनामागून आवर्तन. ती ओळ बदलत नाही म्हणूनच तबलजीला वाटेल ते करता येतं. 'पीटर गन'मध्ये खाली गिटार आणि पियानो लेहरा धरतात आणि वर ब्रास मोकळं सुटतं. ऐकणाऱ्याला खालून सारखं वाटत राहतं की कुणीतरी मागून चालत येतंय. गुन्ह्याच्या गोष्टीला याहून चांगलं काय हवं?

'मिशन इम्पॉसिबल' (संगीत लालो शिफ्रिन, मूळचा अर्जेंटिनाचा) पाच मात्रांचं आहे. पाश्चात्त्य कान चारला सरावलेला, त्याला पाचवी मात्रा आली की पायाखालची पायरी चुकल्यासारखं होतं. आपल्याला झपतालाची सवय असल्यामुळे ते तितकं बोचत नाही. मी शिष्यांना हे झपतालावर म्हणायला लावलं, दहा मात्रांत दोन फेऱ्या बरोब्बर बसतात.

तुम्ही सांगितलेलं 'बीबॉप'चं शीर्षकगीत आत्ता ऐकलं, तीनदा. ते चार मात्रांचं आहे, पण बोंगोवाला बेफाम वाजवतोय. शेवटचा सॅक्सोफोनचा तुकडा कुणाचा?

गिअरबॉक्स (धागाकर्ता)

मासातो होंडा. तीनताल, लेहऱ्याचं तुम्ही सांगितलंत आणि माझ्या डोक्यातला एक दिवा लागला. धन्यवाद.

सांजवेळ

मला थोडं वेगळं बोलायचंय, राग मानू नका.

माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. त्याला अशाच एका ॲनिमेनं बंदुकांचं वेड लावलंय. कुठली बंदूक कुठल्या देशाची, किती गोळ्या, सगळं पाठ. मी 'गनस्मिथ कॅट्स'चे तीनही भाग तुमचा लेख वाचून काल पाहिले. चित्रं सुंदर आहेत, नाही म्हणत नाही. पण बंदूक इतक्या प्रेमानं दाखवायची गरज आहे का? आणि मूळ मांगा मी चाळली. रॅलीची जोडीदार मे, तिच्या भूतकाळाबद्दल त्यात जे काही आहे ते वाचून मी पुस्तक मिटलं. त्यावर इथे कुणीच बोलत नाही.

गिअरबॉक्स (धागाकर्ता)

सांजवेळताई, राग कशाचा. मांगातल्या त्या भागाबद्दल मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. तो वाईट आहे, आणि तो पूर्वीच्या काळाचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. व्हिडिओच्या तीन भागांत ते काढून टाकलंय, आणि मी शिफारस करतो ती फक्त त्या तीन भागांची. लेखात हे लिहायला हवं होतं, राहिलं, ती माझी चूक.

बंदुकीबद्दल मला असं वाटतं. जपानमध्ये १९५८ च्या कायद्यानं सामान्य माणसाला पिस्तूल बाळगताच येत नाही. सोनोदाच्या पिढीला बंदूक भेटली ती दोनच ठिकाणी, अमेरिकन पडद्यावर आणि मॉडेल गनच्या दुकानात. मॉडेल गन म्हणजे हुबेहूब दिसणारी, उघडून जोडता येणारी, पण गोळी न मारणारी. त्यामुळे ते लोक बंदूक एखाद्या घड्याळासारखी काढतात. रॅलीला आवडते ती सीझेड ७५, चेकोस्लोव्हाकियाची, तीही पहिल्या मॉडेलचीच, कारण तिचं पोलाद चांगलं. तिचा वरचा सरकता भाग सांगाड्याच्या आतून धावतो, बहुतेक पिस्तुलांत तो बाहेरून धावतो. हे चित्रात बरोबर आहे. ज्याला ती वस्तू कधी बाळगता येणार नाही त्याचं ते निरीक्षण आहे.

आणि रॅली माणूस मारायला बघत नाही. ती समोरच्याच्या हातातली बंदूक निकामी करते, वेळ पडली तर अंगठा उडवते. तीन भागांची गोष्टही बेकायदा बंदुकांच्या धंद्याविरुद्धच आहे. सरकारी खात्याचा बिल कॉलिन्स तिला परवान्याच्या कागदपत्रांवरून कोंडीत पकडतो आणि तस्करांच्या मागे लावतो.

सांजवेळ

घड्याळाचं पटलं. अंगठ्याचं नाही. चौदा वर्षांच्या मुलाला अंगठा उडवणं हा सौम्यपणा आहे असं मी सांगू शकत नाही. पण मांगाबद्दल स्पष्ट बोललात, बरं वाटलं. त्याच्याबरोबर बसून बघेन, एकट्याला नाही बघू देणार.

मिशिगनकाठ

शिकागोचं नाव काढलंत म्हणून लिहायला बसले. मी उपनगरात राहते आणि आठवड्यातले तीन दिवस लोकलनं शहरात कामाला जाते.

लेक स्ट्रीटवर एलची लाइन रस्त्याच्या डोक्यावरून जाते. एल म्हणजे उंचावरून धावणारी लोकल. लोखंडी खांबांच्या दोन रांगा आणि वर रूळ. दुपारी ऊन स्लीपरांच्या फटींतून खाली पडतं, रस्त्यावर काळेपांढरे पट्टे उठतात. गाडी वरून गेली की ते पट्टे हलतात आणि कानठळ्या बसतात, बोलणं थांबवावं लागतं. आपल्या दादरच्या पुलाखाली उभं राहिल्यासारखं, फक्त सगळं लोखंडाचं. दुसरं म्हणजे वॅकर ड्राइव्ह. तो मजल्यांचा रस्ता आहे. वर झाडं आणि नदी, खाली दिवसाही दिवे लावलेला बोगदा, ट्रक, कचरापेट्या. जीपीएस तिथे हमखास भरकटतो. पाठलाग लिहिणाऱ्याला देवानं दिलेली जागा.

'गनस्मिथ कॅट्स'च्या कामासाठी ती मंडळी खरोखर शिकागोला येऊन गेली होती, त्यावर एक छोटा माहितीपटही आहे. ते दिसतं. अमेरिकन मालिकांत बऱ्याचदा शहर म्हणून जे दाखवतात तो लॉस एंजेलिसचा स्टुडिओ असतो. 'एम स्क्वाड'चंही बरंचसं काम कॅलिफोर्नियातच झालं. आणि टोकियोहून आलेल्या लोकांनी मात्र इथल्या तपकिरी विटांचा रंग बरोबर धरला. ती वीट पावसात जवळजवळ जांभळी दिसते. मी तो भाग पाहिला त्या आठवड्यात आमच्याकडे तसाच पाऊस होता.

शब्दवेल्हाळ

निशिकासाईकरांनी डबिंगचा विषय काढला म्हणून भर घालतो. याच विषयातला सर्वांत जुना बुरुज कुणी घेतलाच नाही: 'ल्युपिन द थर्ड', एका चोराची गोष्ट. मंकी पंच या चित्रकाराची मांगा १९६७ ची, टीव्हीवर १९७१. नंतरच्या भागांचं दिग्दर्शन हायाओ मियाझाकी आणि इसाओ ताकाहातांनी केलं.

ल्युपिनचा आवाज यासुओ यामादा. हाच माणूस 'रॉहाइड'पासून क्लिंट ईस्टवुडचा जपानी आवाज होता! ल्युपिनचा जोडीदार जिगेन, हॅट डोळ्यांवर ओढून नेम धरणारा, त्याचा आवाज कियोशी कोबायाशी. कोबायाशी हा अमेरिकन नट जेम्स कोबर्नचा आणि ली मार्विनचाही आवाज. आणि जिगेनचं पात्र मुळात कोबर्नवरूनच सुचलेलं. म्हणजे जपानी प्रेक्षकानं आधी त्या आवाजात अमेरिकन बंदूकबाज ऐकला आणि मग त्याच आवाजात आपला. गिअरबॉक्स, तुम्ही 'एम स्क्वाड'पासून सुरुवात केलीत. ली मार्विनच्या त्या घराण्याचा आवाज पन्नास वर्षं जिगेनच्या तोंडी होता, १९७१ ते २०२१. नव्वदीकडे झुकलेल्या कोबायाशींनी मग ती हॅट अकिओ ओत्सुकाकडे दिली. पुढच्याच वर्षी ते गेले.

मी स्वतः आकाशवाणीवर श्रुतिका केल्यात. एका आवाजाला पन्नास वर्षं एकाच माणसाची सावली सांभाळायची म्हणजे काय, हे विचार करूनही मला उमजत नाही.

कोकणकडा७

सगळे जुन्यातच रमलात, नवीन पण सांगा की. 'कॉप क्राफ्ट', २०१९. लेखक शोजी गातो. याच्या कादंबऱ्या २००६ मध्ये आल्या तेव्हा नाव होतं 'ड्रॅगनेट मिराज'. ड्रॅगनेट! नंतर नव्यानं लिहून 'कॉप क्राफ्ट' केलं. सान तेरेसा नावाचं शहर, जिथे दुसऱ्या जगाचं दार उघडलंय, आणि डिटेक्टिव्ह केई मातोबाच्या गाडीत शेजारी तलवार घेतलेली त्या दुसऱ्या जगातली सरदारीण टिलार्ना. बाकी सगळं जसंच्या तसं, नशेचा माल, खबरे, क्लब, साहेबाच्या शिव्या. पहिल्या भागाच्या नावातच 'कॉप शो' आहे. मधल्या काही भागांत चित्रं फार पडतात, ते खरं. पण गाडीतल्या गप्पांसाठी बघा.

'डबल डेकर! डग अँड किरिल' (२०१८, सनराइज) पण आहे. कामात मुरलेला थंड डोक्याचा डग आणि हिरो व्हायला निघालेला किरिल. हलकंफुलकं आहे. 'टायगर अँड बनी' (२०११) आवडला असेल तर हे आवडेलच.

निशिकासाईकर

'ड्रॅगनेट मिराज' मला माहीत नव्हतं. उद्या जुन्या पुस्तकांच्या गल्लीत शोधतो, जिम्बोचोला.

लालपरी

खूप दिवस वाचत होते, पहिल्यांदाच लिहितेय.

माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते, एकतीस वर्षं, त्यातली बरीच आंबा घाटात. आता घरीच असतात, गुडघे गेलेत. त्यांना टीव्हीवरचं काही आवडत नाही. हा धागा वाचून मी रविवारी त्यांना 'गनस्मिथ कॅट्स' लावून दिलं. म्हटलं बाबा, कार्टून आहे, पण बघा. भाषा जपानी, खाली इंग्रजी अक्षरं, दोन्ही त्यांना कळत नाही. मी शेजारी बसून थोडंथोडं सांगत होते.

पहिल्या भागात ते पेपर वाचत होते. शेल्बी सुरू झाली तसा पेपर खाली आला.

तिसऱ्या भागातला पाठलाग लागला तेव्हा मी गोष्ट सांगायला लागले तर मला हातानं गप्प केलं. पुढे सरकून बसले. मी बघतेय, त्यांचा डावा हात मांडीवर होता आणि तो हलत होता. रॅली गिअर बदलते त्याच्या आधी अर्धा क्षण यांचा हात बदलत होता. स्टिअरिंग तिचं डावीकडे आणि गिअर उजव्या हाताला, आपलं उलटं, पण हात चुकत नव्हता. डावा पायही क्लचवर जात होता, दुखऱ्या गुडघ्याचा.

संपल्यावर म्हणाले, "पोरीला गाडी येते." मग थोड्या वेळानं, "वळणाच्या आधी गिअर उतरवला बघ तिनं. वळणात नाही."

आज सकाळी चहा घेताना विचारत होते, त्या पोरीचं अजून काही आहे का. मी म्हटलं नाही बाबा, तिचे तीनच भाग आहेत. तर गिअरबॉक्सदादा, तो खेकड्यासारखी चालणाऱ्या गाडीचा 'रायडिंग बीन' त्यांना दाखवण्यासारखा आहे का? हाणामारी किती आहे? आणि गाडीचा आवाज कसा आहे?

गिअरबॉक्स (धागाकर्ता)

लालपरी, रक्तपात 'गनस्मिथ कॅट्स'हून जास्त आहे, काही प्रसंग अंगावर येतात. आधी तू एकटी बघून घे आणि तेवढं पुढे ढकल. पण पाठलाग पूर्ण दाखव. आवाज खणखणीत आहे.

गाडी आडवी सरकते तिथे बाबा काय म्हणतात ते मला नक्की कळव.